एस.टी. वर जाऊन खाली येईपर्यंत

फाल्गुन लागला की वेल्ह्याकडचे लोक राब भाजायला घेतात. झाडांच्या फांद्या, शेण, पाचोळा, गवत असे थरावर थर रचायचे आणि भाताचं रोप टाकायची जागा जाळून घ्यायची, ही आमच्याकडची रीत. डोंगरउतारावर जागोजागी धूर निघतो आणि वारा खालच्या अंगाला असला तर तो वास आम्ही आता राहतो त्या नसरापुरापर्यंत येतो. इतरांना त्या वासानं काय होतं मला ठाऊक नाही. मला मात्र त्याची भीती वाटते. माझं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. तीस वर्षं मी शाळेत मुलांना गणित शिकवलं, किती परीक्षा घेतल्या त्याची मोजदाद नाही. तरीही राबाचा धूर नाकात गेला की आधी मनात येतं, बाई गं, आपला अभ्यास झालेला नाही.

यंदा तो वास आला त्या दिवशी माझी नात पल्लवी खोलीत डोळे पुसत बसली होती. ती सरकारी नोकरीच्या परीक्षा देते. रोज अभ्यास केला की तिच्या मोबाईलमध्ये एक हिरवी खूण उमटते. सलग एकोणीस खुणा झाल्या, विसाव्या दिवशी तिला ताप भरला आणि मोबाईलनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "आजी, आता मनच लागत नाही," ती म्हणाली. "तुला कुठून यायचं गं मोटिव्हेशन?" हा शब्द हल्ली आमच्या घरात भाजीतल्या मिठाइतका लागतो. मी म्हटलं, "मला कधी आलंच नाही. मला नुसती भीती वाटायची." तिला वाटलं, आजी थट्टा करतेय. पण टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता, तिच्या नकळत. माझाही पाय तेव्हा असाच हलायचा.

तेव्हा म्हणजे साठच्या दशकात. मी चोवीस वर्षांची होते आणि विंझरला नांदत होते. आमचे हे धरणाच्या कामावर जायचे. तिथं सुरुंग लावताना त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. माणूस वाचला हेच पुष्कळ, असं जो तो म्हणायचा आणि ते खरंही होतं. पण एका हातानं नांगर धरता येत नाही. शेत थोरल्या दिरांच्या भरवशावर गेलं आणि त्याबरोबर आमचं जेवणही. जाऊबाई वाईट नव्हत्या. पण भाकरी वाढताना माणूस किती वेळा आपल्याकडे बघतं ते खाणाऱ्याला बरोबर कळतं.

त्या दिवाळीत माझा भाऊ सारोळ्याहून आला. आमची मंदा तेव्हा पाच वर्षांची होती. तिला मांडीवर घेऊन तो यांना म्हणाला, "दाजी, मंदीला मी न्हेतो. माज्या चार पोरांत पाचवी. तिकडं दूधदुभतं हाय, शाळा हाय." त्याच्या मनात खोट नव्हती, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. खोटं बोलणाऱ्याला नाही म्हणता येतं. यांनी खाली मान घालून सांगितलं, "हिची परीक्षा होऊ द्या. न्हाईच जमलं तर न्हेवा मंग."

परीक्षा म्हणजे सातवीची फायनल. गावातल्या शाळेतल्या गुरुजींनी ते डोक्यात घातलं होतं. मी सारोळ्याला पाचवीपर्यंत शिकले होते. गुरुजी म्हणाले होते, बाहेरून फॉर्म भरा, फायनल झालेल्या बायका मास्तरणीच्या ट्रेनिंगला मिळत नाहीत, तुम्हाला नक्की घेतील. झालं, एवढंच होतं सगळं. मी पास झाले तर मंदा माझ्याजवळ आणि नापास झाले तर ती सारोळ्याला.

अशा वेळी माणूस पेटून उठतं, असं लोक सांगतात. मी उठले नाही. मी भ्याले. पहाटे जात्यावर बसायच्या आधीच भीती जागी झालेली असायची. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, पण आत काही जायचं नाही. इतिहास, भूगोल कसाबसा गिळला जायचा. गणित मात्र घशाशी यायचं. शेकडा, त्रैराशिक, काळ-काम-वेग. निश्चय करण्यात तर माझा हात कुणी धरला नसता. दर सोमवारी ठरवायचे की रोज तीन तास अभ्यास. सोमवारी व्हायचा, मंगळवारी अर्धा व्हायचा, बुधवारी घरात पाहुणे, गुरुवारी म्हैस आजारी, आणि शुक्रवारी पुस्तक कोनाड्यात बघितलं तरी नकोसं व्हायचं. मग मी त्यावर फडकं टाकायचे. फडक्याखाली पुस्तक आहे हे मला आणि पुस्तकाला दोघांनाही माहीत असायचं.

हौसा नसती तर ते पुस्तक फडक्याखालीच राहिलं असतं.

हौसा ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत राहायची. माझ्याच वयाची, काळीसावळी, हाडानं मजबूत आणि बोलायला फटकळ. तिचा नवरा रस्त्याच्या कामावर, महिना महिना बाहेर. पहिलं बाळंतपण वाईट गेलं होतं. सुईण वेळेवर पोचली नाही आणि मूल हाती लागलं नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, की आपण दवाखान्यातली नर्सबाई व्हायचं. त्यासाठीही फायनल लागत होती. तिनंही गुरुजींकडून फॉर्म नेला होता, पण मला ते माहीत नव्हतं. आमची गाठ पडली ती चिखलात.

आमच्याकडे भाताची लावणी एकट्या घराच्यानं होत नाही. म्हणून सावड करतात. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, उपकार नाही, नुसती दिवसाला दिवसाची फेड. आणि सावड मोडायची नाही. अंगात ताप असो, घरात भांडण असो, घेतलेला दिवस परत करायचाच. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सावड मोडणाऱ्या घराकडे पुढच्या वर्षी कुणी फिरकत नसे. दिवाळीआधीच्या त्या पावसाळ्यात भावकीतलं कुणी आमच्याशी सावड करायला तयार होईना, कारण दीर मोठ्या शेतात अडकलेले आणि आमच्या वाट्याच्या खाचराला गड्याचा हात उरला नव्हता. हौसाच्या एवढ्याशा खाचराचीही तीच गत होती. वरच्या आळीतल्या बायका वस्तीतल्या बायकांशी सावड करत नसत. पण गरज पडली की रीत जरा वाकते. आम्ही दोघींनी मिळून दोन्ही खाचरं लावली. भात कापून खळ्यावर आलं त्या दिवशी मी तिच्यापाशी रडले. म्हटलं, "हौसा, मंदी जाणार गं. माज्याच्यानं अभ्यास व्हत न्हाई."

तिनं पेंढी झोडपायची थांबवली नाही. म्हणाली, "येकटीच्यानं लावणी तरी हुती का? अभ्यासाची बी सावड करू. येक दिस तुज्याकडं, येक दिस माज्याकडं."

वेळ कुठली, हा प्रश्न होता. घड्याळ दोघींकडे नव्हतं. दुपारी गडीमाणसं रानात भाकरी खाऊन सावलीला पडायची तेव्हा बायकांना थोडी उसंत मिळे. त्याच सुमाराला वेल्ह्याला जाणारी एस.टी. गावावरून वर जायची, तिकडं थोडा वेळ थांबायची आणि तासाभरानं, कधी सव्वा तासानं खाली यायची. हौसानं ठरवून टाकलं. गाडी वर गेली की बसायचं, खाली आली की उठायचं. मधे उठायचं नाही आणि नंतर बसायचं नाही.

आमचं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला होतं. मंदा ओट्याच्या पायरीवर बसून रस्त्याकडे डोळे लावायची. वळणावर हॉर्न वाजला की ती ओरडायची, "गेली!" आणि आम्ही पाट्या पुढे घ्यायचो. मग ती तिथंच खडे मांडत बसायची, यांच्या डाव्या हाताशी. हेसुद्धा त्या दिवसांत डाव्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवत होते. कुणी बघतंय असं वाटलं की पुसून टाकायचे. तासाभरानं मंदा दुसऱ्यांदा ओरडायची, "आली! उठा!"  मला तिची ती पहिली हाक ऐकली की भीती वाटायची आणि दुसरी ऐकली की आनंद व्हायचा, हे मी आज कबूल करते.

हौसा आमच्याकडे यायची तेव्हा बाहेर ओट्यावर बसायची. जाऊबाईंनी तिच्यासाठी कोपऱ्यात निराळा पेला ठेवला होता. तिनं तो पाहिला आणि दुसऱ्या खेपेपासून आपला तांब्या आपण घेऊन आली. मी त्यांच्याकडे जायला निघाले की जाऊबाई म्हणायच्या, "बसायचं ती बसा, पर पानी पिऊ नगासा." मी दोन वेळा कोरड्या घशानं परत आले. तिसऱ्यांदा काळ-काम-वेगाचं एक गणित आलं आणि भीतीनं माझी जीभ टाळूला चिकटली. मी पाणी मागितलं. हौसानं दिलं. पिताना माझी नजर दाराकडे, कुणी बघतंय का म्हणून. ती म्हणाली, "सावकाश पी. ठसका लागंल." त्या नजरेची लाज मला आजही वाटते.

पहिले पंधरा दिवस काय शिकले ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. नुसती बसत होते. हौसालाही फार येत होतं असं नाही, पण ती चुकली की चुकलेलं पुसायची आणि पुन्हा करायची. मी चुकले की रडायला लागायचे. एकदा मी तिला विचारलं, "तुला भ्या न्हाई वाटत?" ती म्हणाली, "लई वाटतंय. रोज वाटतंय. पर भ्या हाय म्हनून भाकरी थापायची ऱ्हाती का? मंग ह्ये बी तसंच. भ्याला बी घे संगट, बसव बाजूला." त्यानंतर मी खरंच मनातल्या मनात बाजूला थोडी जागा ठेवायचे. वेडेपणा होता, पण ओट्यावर तिघी बसलोय असं धरलं की गणित जरा हलकं व्हायचं.

एक दिवस मी दगा दिला. गुरुजींनी आदल्या संध्याकाळी पाच गणितं घातली होती आणि माझं एकही बरोबर आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाळी आमच्याकडे होती. दुपार झाली तशी मी टोपली घेऊन शेण गोळा करायच्या निमित्तानं टेकाडामागे गेले आणि करवंदीच्या जाळीआड बसून राहिले. हॉर्न ऐकला. मंदाचं "गेली!" ऐकलं. तिकडून मला आमचा ओटा दिसत होता. हौसा आली, बसली, तिनं पाटी काढली. माझी पाटी तिनं शेजारी मांडून ठेवली होती. गाडी खाली येईपर्यंत ती एकटी बसली आणि मग तांब्या उचलून गेली. दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून तिच्याकडे गेले.  गाडी खाली आल्याचा हॉर्न झाला तशी मी उठायला लागले, तर म्हणाली, "बस. कालचा माजा दिस तुज्याकडं ऱ्हायलाय." दिवेलागण होईपर्यंत बसवलं. ती मला एक शब्द वाईट बोलली नाही आणि मी पुन्हा कधी जाळीआड गेले नाही.

आणि एकदा गाडी खाली आलीच नाही. माघाची दुपार असेल. मंदा पायरीवर बसून कंटाळली, सावली ओट्यावरून उतरून अंगणात गेली, म्हशी ओरडायला लागल्या. मी म्हटलं, "हौसा, गाडी बंद पडली आसंल." ती म्हणाली, "आसंल. पर आली न्हाई न्हवं?" जाऊबाई दारात येऊन आमच्याकडे बघून गेल्या, थोरले दीर खाकरून गेले, आमचे हे गालात हसत होते. गाडी वेल्ह्यालाच मुक्कामी राहिली हे एका सायकलवाल्यानं सांगितलं तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. दोन शहाण्या बायका एका बिघडलेल्या एस.टी.साठी अर्धा दिवस पाटीपुढे बसल्या होत्या. पण त्या दिवशी शेकड्याची सगळी गणितं मला आली. पुढे कित्येक वर्षं शेकडेवारी शिकवताना मला त्या गाडीची आठवण व्हायची.

मधे हौसा आठ दिवस तापानं पडली होती. मी रोज तिच्याकडे जाऊन धडे मोठ्यानं वाचायचे आणि ती गोधडीतून नद्यांची नावं म्हणायची. पल्लवीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमची खूण तुटली नाही." मी म्हटलं, "बाई, मोबाईलला ताप कळत नाही, शेजारणीला कळतो."

परीक्षा भोरला होती. राबाच्या धुरातून एस.टी. खाली उतरत होती आणि मला एकच वाटत होतं, आपला अभ्यास झालेला नाही. आम्ही हौसाच्या मावशीकडे मुक्कामाला राहिलो. त्यांचं घर गावातच होतं, दोन खोल्यांचं, सारवलेलं, स्वच्छ. मी तिथं जेवले, पाणी प्याले आणि दाराकडे बघितलं नाही. गणिताच्या पेपराच्या सकाळी मावशींनी आम्हा दोघींच्या हातावर दही घातलं आणि म्हणाल्या, "जावा गं पोरींनो. कागूदच हाय, वाघ न्हाई." वर्गात बसले. टाक दौतीत बुडवला तर शाईचा थेंब कागदावर आधीच पडला. शेजारच्या बाकांवर माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरं भराभर लिहीत होती. वाघ परवडला असता असं वाटलं.

आणि मग ते गणित आलं. एक बाई एका शेताची लावणी सहा दिवसांत करते. दुसरी बाई तीच लावणी बारा दिवसांत करते. दोघी मिळून किती दिवसांत करतील?

मला ते येत होतं. दुपारच्या त्या तासांत अशी कितीतरी केली होती. मी मांडलं, सोडवलं, उत्तर लिहिलं, चार दिवस. पुढच्या गणिताकडे गेले, आणि तिथून भीतीनं मला मागे ओढलं. इतकं सोपं कसं असेल? काहीतरी राहिलंय. मी पुन्हा वाचलं. दोघी मिळून. दोघी मिळून म्हणजे सावड. सावड म्हणजे एकीचं लावून गप्प घरी बसायचं? मग दुसरीच्या खाचराचं काय? तिचं रोप वाळून जाईल.  हेच राहिलं होतं, हीच त्यातली मेख होती, असं मला अगदी लख्ख वाटलं. मी चार खोडले आणि आठ लिहिले. पुढची दोन गणितंही मग त्याच धास्तीत खोडाखोड करून घालवली.

परतीच्या गाडीत मी हौसाला विचारलं, "त्या दोन बायांचं उत्तर काय लिवलंस?" ती म्हणाली, "चार." "म्या आठ लिवलं," असं म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं. चेलाडीच्या फाट्यावर आम्ही गाडी बदलली. 

मग निकालापर्यंतचे दिवस. ते कसे गेले ते सांगता येत नाही. मंदाचे केस विंचरताना हात मधेच थांबायचा. रात्री ती कुशीत झोपली की मी तिचा तळवा माझ्या मुठीत धरून ठेवायचे. गुरुजी रस्त्यानं जाताना दिसले तरी मी घरात पळायचे. एका सकाळी ते अंगणात येऊन उभे राहिले, वस्तीतून हौसालाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, तेव्हाच मला कळलं. "हौसाबाई, तुम्ही पास. इंदूबाई, बाकी सगळं सुटलं. गणित थोडक्यात राहिलं." हौसाचं तोंड पडलं. पास झालेल्या बाईचं तोंड इतकं पडलेलं मी पुढच्या तीस वर्षांत पाहिलं नाही.

भाऊ दोन दिवसांत आला. त्यानं मंदाचं गाठोडं उचललं. तिला वाटलं, गंमत आहे, एस.टी.त बसायला मिळणार. दुपारी वर गेलेली गाडी खाली आली तेव्हा तीच स्वतः ओरडली, "आली! उठा!" आम्ही उठलो. तिला चढवलं. यांनी डावा हात वर केला. वळणावर हॉर्न वाजला आणि नुसता रस्ता उरला.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. दुसऱ्या वर्षी मी गणितात पास झाले, मग ट्रेनिंग, मग नोकरी. हौसा नर्सबाई झाली. भोर-वेल्ह्यातली कितीतरी पोरं तिच्या हातून जगात आली, माझा मुलगा त्यातलाच, पल्लवीचा बाप. मंदा दोन पावसाळ्यांनी परत आली. परत आल्यावर आठ दिवस ती मला आत्या म्हणत होती, भावाची पोरं म्हणायची तसं. मी ओ द्यायचे. काय करणार? ती आता साठीची आहे आणि तिला यातलं काही आठवत नाही म्हणते. मला सगळं आठवतं, हे ठीकच आहे.

पण त्यातला एक दिवस मी पल्लवीला राबाचा वास आला त्या संध्याकाळी सांगितला. मंदा गेल्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार. मी घरात भिंतीला टेकून बसले होते. पुस्तक चुलीत घालायचं का रद्दीत, एवढाच विचार होता. आता कशाची भीती वाटायची, जे व्हायचं ते होऊन गेलं, तरी भीती जात नव्हती. वळणावर हॉर्न वाजला. गाडी वर गेली. पायरीवर कुणी नव्हतं, कुणी ओरडलं नाही. यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. ती शांतता मला सहन होईना. मी कानांवर हात ठेवले.

तरीही ऐकू आलं.

"गेली!"

आवाज मंदाचा नव्हता, जाड होता. मी बाहेर आले. ओट्यावर हौसा बसली होती. शेजारी तिचा तांब्या होता. तिनं तिची पाटी मांडली होती आणि तिच्या बाजूला माझी. मी म्हटलं, "हौसा, तू पास झालीस. तुला आता काय करायचंय हितं?"

तिनं पाटी ओल्या फडक्यानं पुसली. मग म्हणाली, "त्या गणिताचं तुजं उत्तर आठ हुतं न्हवं? म्या लई दिस इचार केला. पेपरवाल्याला सावड म्हाईत न्हाई, इंदे. शेतं दोन हायेत. माजं झालं. तुजं ऱ्हायलंय." तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली. "बस. गाडी खाली याया येळ हाय."

जाऊबाई दारात आल्या होत्या. कोपऱ्यातला तो निराळा पेला त्यांनी उचलून आत नेला आणि घरातल्या दोन पेल्यांत चहा आणून आमच्या मधे ठेवला.  पेन्सिल पाटीवर टेकली तेव्हा पहिली रेघ वाकडीच आली, आणि मी गणित लिहून घेतलं.